उपद्रवावर कारवाई करताना लोकांची वैयक्तिक माहिती कशी हाताळावी: किनारपट्टीवरील नगरपरिषदा व ग्रामपंचायतींसाठी मार्गदर्शन

कोकण किनाऱ्यावरील नगरपरिषदा, नगरपंचायती आणि ग्रामपंचायती यांना वर्षभर, आणि सुट्ट्यांच्या हंगामात तर रोजच, कसल्या ना कसल्या उपद्रवावर कारवाई करावी लागते. किनाऱ्यावर कचरा टाकणे, थुंकणे, वाळूत गाड्या घालणे, दारू पिऊन गोंधळ करणे, रात्री उशिरापर्यंत ध्वनिक्षेपक वाजवणे, शेजाऱ्याच्या दारात सांडपाणी सोडणे अशा या तक्रारी असतात. प्रत्येक कारवाईत कोणाचे तरी नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक, गाडीचा क्रमांक किंवा छायाचित्र कार्यालयाच्या हाती येते. ही माहिती किती घ्यावी, कोणाला दाखवावी, किती दिवस ठेवावी आणि कशी नष्ट करावी याची घडी बहुतेक कार्यालयांत बसलेली नाही. मुख्याधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी, स्वच्छता निरीक्षक, लिपिक आणि निवडून आलेले सदस्य यांना ती घडी बसवता यावी यासाठी हे मार्गदर्शन आहे. तक्रार करणाऱ्या किंवा नोटीस मिळालेल्या नागरिकालाही आपण कार्यालयाकडून काय अपेक्षा करावी हे यातून कळेल.

शहरात तक्रारदाराचे नाव फुटले तर तो बहुतेक वेळा निभावून नेऊ शकतो. वाडीत मात्र तक्रारदार आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो एकाच भावकीतले असतात, एकाच विहिरीवर पाणी भरतात, एकाच देवळात गाऱ्हाणे घालतात. तेथे नाव फुटल्यावर कार्यालय दिलगिरी व्यक्त करण्याशिवाय काहीच करू शकत नाही, आणि पुढची कित्येक वर्षे त्या वाडीतून तक्रारच येत नाही. त्यामुळे ही काळजी घेतल्याने कारवाई ढिली पडेल ही भीती निराधार आहे. नाव सुरक्षित राहते एवढा विश्वास बसला, तर उपद्रवाची खबर वेळेवर मिळते.

कायद्याची चौकट

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. शासकीय यंत्रणेला या हक्कात हस्तक्षेप करायचा असेल, तर त्याला कायद्याचा आधार हवा, हेतू वैध हवा आणि उपाय त्या हेतूच्या प्रमाणात हवा. नगरपरिषद आणि ग्रामपंचायत या दोन्ही राज्ययंत्रणेचाच भाग असल्याने ही कसोटी त्यांना थेट लागू होते, आणि पुढे आलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर शोधताना हीच कसोटी हाताशी ठेवावी.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. कायदा टप्प्याटप्प्याने लागू होत असून माहिती गोळा करणाऱ्यांवरील मुख्य जबाबदाऱ्या अधिसूचनेपासून १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, अमलात येतील. तोवर हातावर हात ठेवून बसण्यात शहाणपणा नाही, कारण पावती पुस्तके, नोंदवह्या, कॅमेऱ्याची कंत्राटे आणि कर्मचाऱ्यांच्या सवयी बदलायला तेवढा अवधी लागतोच. हा कायदा डिजिटल स्वरूपातील माहितीला, तसेच कागदावर घेऊन नंतर संगणकात भरलेल्या माहितीला लागू आहे. दंडाची पावती हाताने फाडली, पण संध्याकाळी तिचा तपशील एक्सेलमध्ये चढवला किंवा पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला, की ती माहिती कायद्याच्या कक्षेत आली.

या कायद्याबाबत दोन गैरसमज आढळतात. पहिला असा की, दंड करण्यापूर्वी समोरच्याची संमती घ्यावी लागेल. तसे नाही. कलम ७ नुसार कायद्याने सोपवलेले काम पार पाडण्यासाठी शासकीय यंत्रणेला संमतीशिवाय माहिती वापरता येते, आणि कलम १७ नुसार कायद्याचे उल्लंघन रोखणे, शोधणे किंवा त्याचा तपास करणे यासाठी वापरलेल्या माहितीला बऱ्याच तरतुदींतून सूट आहे. दुसरा गैरसमज याच्या उलट आहे: सूट आहे म्हणजे आपल्याला काहीच लागू नाही. ही सूट माहितीच्या सुरक्षेला नाही. माहिती सुरक्षित ठेवण्यासाठी वाजवी उपाय करण्याचे बंधन कायम राहते, आणि त्यात कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. माहिती पुसून टाकण्याचे बंधन मात्र शासकीय यंत्रणांवर या कायद्याने घातलेले नाही. म्हणूनच किती काळ ठेवायची हे प्रत्येक संस्थेने स्वतः ठरवून घ्यायला हवे, नाहीतर दहा वर्षांपूर्वी थुंकल्याबद्दल दंड भरलेल्या माणसाचे नाव कायम संगणकात राहील.

कारवाईचा आधार कोणता कायदा आहे हे प्रत्येक नोंदीत लिहिण्याची सवय लावावी. नगरपरिषदेचा अधिकार १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियमातून येतो, तर ग्रामपंचायतीचा १९५८ च्या महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमातून. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान केल्याचा दंड २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याखाली होतो. ध्वनिक्षेपकाचा विषय ध्वनिप्रदूषण नियम, २००० खाली पोलिसांकडे जातो. ज्या नोंदीसमोर कायद्याचा आधार लिहिता येत नाही, त्या नोंदीतील वैयक्तिक माहिती घेण्याचा अधिकारही सहसा नसतो, हे तपासण्याचा याहून सोपा मार्ग नाही.

तक्रार येते तेव्हा

तक्रार अर्ज आला की तो आवक नोंदवहीत चढतो, आणि गळती सुरू होते ती बहुधा येथूनच. ही वही टेबलावर उघडी असते, आपल्या अर्जाचे काय झाले हे पाहायला येणारा माणूस बोट फिरवत पानभर नावे वाचतो, आणि संध्याकाळपर्यंत नाक्यावर चर्चा होते. यावर उपाय स्वस्त आहे. उपद्रवाच्या तक्रारींसाठी आवक नोंदवहीत तक्रारदाराच्या रकान्यात केवळ तक्रार क्रमांक लिहावा, आणि क्रमांक व नाव यांची जोडणी असलेली दुसरी छोटी वही कुलपात ठेवावी. तिची किल्ली मुख्याधिकारी किंवा ग्रामपंचायत अधिकारी आणि त्यांनी लेखी नेमलेला एक कर्मचारी यांच्याकडेच असावी. मूळ अर्ज नस्तीत (प्रकरणाच्या फाइलमध्ये) लावताना पाकिटात बंद करून लावावा आणि टिपणीत सर्वत्र ‘तक्रार क्रमांक अमुक’ असाच उल्लेख करावा.

निनावी तक्रारीला केराची टोपली दाखवू नये. तिला खबर समजून स्थळपाहणी करावी. पाहणीत उपद्रव दिसला तर कारवाईचा आधार पाहणी ठरते, तक्रार कोणी केली हा प्रश्नच उरत नाही. ध्वनिप्रदूषणाच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ च्या निकालात पोलिसांना बजावले की, तक्रारदाराची ओळख न विचारता कारवाई करावी, आणि ओळख कळलीच असेल तर ती उपद्रव करणाऱ्याला कळू देऊ नये. हा आदेश पोलिसांना उद्देशून असला, तरी शिमग्यात किंवा गणपतीत ध्वनिक्षेपकाची तक्रार नगरपरिषदेकडे आली आणि ती पोलीस ठाण्याकडे पाठवायची झाली, तर पत्रात ठिकाण, वेळ आणि आवाजाचे स्वरूप एवढेच लिहावे. तक्रारदाराचा अर्ज जसाच्या तसा सोबत जोडून देण्याची पद्धत या निकालाचा हेतूच मोडीत काढते.

ग्रामसभा आणि मासिक सभा यांविषयी विशेष सांगायला हवे. आलेले अर्ज सभेत मोठ्याने वाचून दाखवण्याची परंपरा जुनी आहे आणि रस्ता, दिवाबत्ती, नळजोडणी अशा अर्जांसाठी ती चांगलीही आहे. शेजाऱ्याच्या उपद्रवाचा अर्ज मात्र तसा वाचू नये. विषयपत्रिकेवर ‘सांडपाण्याबाबत प्राप्त तक्रार क्रमांक अमुक’ असे लिहावे, आणि इतिवृत्तातही तेवढेच यावे, कारण इतिवृत्ताची प्रत आता गावाच्या ग्रुपवर फिरायला मिनिटभरही लागत नाही. एखाद्या सदस्याने ‘पण अर्ज कोणाचा आहे?’ असे विचारले, तर ठराव घेण्यासाठी ते नाव कशाला लागते हे त्यांनीच सांगावे अशी नम्र विनंती सभेच्या अध्यक्षांनी करावी. माझ्या मते निवडून आलेल्या सदस्याला प्रकरणाची प्रगती विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे, पण सदस्य झाल्यामुळे कुलपातली वही त्याच्यासाठी उघडत नाही.

नोटीस कशी लिहावी

नाव न लिहिताही तक्रारदार ओळखू येतो, ही छोट्या गावातली खरी अडचण आहे. न्हाणीघराचे पाणी ज्या परसात जाते ते परस एकाच घराचे असते, त्यामुळे ‘शेजाऱ्यांची तक्रार आहे’ एवढे तीन शब्दही पुरेसे होतात. पुढील दोन मजकूर शेजारी ठेवून पाहावेत. प्रचलित नोटीस साधारण अशी असते: ‘खालच्या आळीतील अर्जदार यांनी आपल्याविरुद्ध अर्ज दिला असून आपण त्यांच्या विहिरीजवळ सांडपाणी सोडता अशी त्यांची तक्रार आहे, तरी सात दिवसांत खुलासा करावा.’ येथे कार्यालय टपाल पोचवण्याचे काम करते आणि दोन घरांना समोरासमोर उभे करते. त्याऐवजी असे लिहावे: ‘अमुक तारखेस स्वच्छता निरीक्षकांनी या आळीतील सर्व मालमत्तांची सांडपाणी व्यवस्था तपासली असता मालमत्ता क्रमांक अमुक येथील न्हाणीघराचे पाणी सार्वजनिक पाणंदीवर वाहत असल्याचे आढळले. स्थळपाहणी अहवालाची प्रत सोबत जोडली आहे. पंधरा दिवसांत शोषखड्डा करून कार्यालयास कळवावे.’

दुसऱ्या मजकुरात आरोप कार्यालयाचा आहे, पुरावा कार्यालयाचा आहे आणि करायचे काय हेही स्पष्ट आहे. एका घराऐवजी सगळी आळी तपासली, की तक्रारदार कोण हा तर्क बांधणे अवघड होते. शिवाय इतर चार घरांचे पाणीही तसेच वाहत असेल तर त्यांनाही नोटीस जाते, म्हणजे एकालाच वेचून काढल्याची भावना राहत नाही. निरीक्षकाला यात एक सकाळ जास्त घालवावी लागते, पण ती सकाळ सत्कारणी लागते.

काही प्रकरणे मात्र केवळ तक्रारदाराच्या सांगण्यावर उभी असतात. रात्री दोन वाजता कोणीतरी घरावर दगड मारतो, हे कोणत्याही स्थळपाहणीत दिसणार नाही. अशा वेळी नोटीस पाठवण्याआधी तक्रारदाराला बोलावून स्पष्ट सांगावे की, हे प्रकरण पुढे न्यायचे तर साक्षीदार म्हणून त्यांचे नाव समोर येईल. त्यांची तयारी असेल तर लेखी घ्यावी, नसेल तर पोलिसांकडे जाण्याचा मार्ग दाखवावा. ज्याच्यावर कारवाई होते आहे त्याला आपल्यावरील आरोप आणि त्याचा पुरावा कळण्याचा हक्क आहे, आणि तो हक्क गोपनीयतेच्या नावाखाली डावलता येत नाही. म्हणूनच पुरावा होता होईल तो कार्यालयाने स्वतः गोळा करावा.

नोटीस योग्य माणसाला जाणे हाही माहितीच्या अचूकतेचाच भाग आहे. कोकणातील घरे बहुधा सामाईक असतात. नमुना ८ मध्ये, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीत, आजोबांचे नाव, राहणारे एक चुलत घर, बाकीचे मुंबईत, आणि पडवीच्या दोन खोल्यांत एखाद्याने चालवायला घेतलेले निवासस्थान असा प्रकार सर्रास दिसतो. एकाच भावकीत एकाच नावाचे दोन-तीन पुरुष असणे हीही नवलाची गोष्ट नाही. तेव्हा केवळ नावावर विसंबून नोटीस काढू नये. मालमत्ता क्रमांक, वडिलांचे नाव आणि प्रत्यक्ष वापर करणारी व्यक्ती या तिन्हींची जागेवर खात्री करावी. घर बंद असेल तर स्पीड पोस्टने पाठवावी, आणि दारावर डकवण्याची वेळ आलीच तर बंद पाकिटात, मजकूर बाहेर न दिसेल अशी डकवून पंचनामा करावा. उघडी नोटीस वाऱ्यावर फडफडत ठेवणे ही बजावणी नसून वेगळीच शिक्षा आहे आणि तशी शिक्षा देण्याचा अधिकार कार्यालयाला नाही.

जागेवरचा दंड

मुरूड, काशीद, गणपतीपुळे, तारकर्ली अशा ठिकाणी शनिवार-रविवारी दंडाच्या पावत्या भराभर फाटतात आणि घाईत माहिती जास्त घेतली जाते. दंड जागेवर भरणाऱ्याकडून पावतीसाठी लागते ती माहिती अशी: त्याने सांगितलेले नाव, गाव, तारीख, वेळ, ठिकाण, कोणत्या तरतुदीचा भंग झाला आणि रक्कम. आधार क्रमांक लागत नाही. मोबाइल क्रमांक लागत नाही. आधार कार्डाचा फोटो तर काढूच नये. कोणी ओळख पटवण्यासाठी स्वतःहून कार्ड पुढे केले तर पाहून परत द्यावे. छापील पावती पुस्तकात मोबाइलचा रकाना असेल तर पुढच्या छपाईत तो वगळावा, कारण रकाना दिसला की कर्मचारी तो भरल्याशिवाय राहत नाही.

दंड भरायला नकार मिळाला तर गोष्ट बदलते, कारण पुढील कारवाईसाठी ओळख आवश्यक ठरते. तरीही कर्मचाऱ्याने कोणाचा फोन हिसकावणे, गाडीची किल्ली काढून घेणे, ओळखपत्र जप्त करणे असे काहीही करू नये. पोलिसांना बोलवावे. आपल्यासमोर अदखलपात्र गुन्हा करणारा नाव-पत्ता सांगण्यास नकार देत असेल, तर काय करायचे याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याच्या) कलम ३९ मध्ये पोलिसांसाठी आहे.

पैसे घेताना क्यूआर कोड संस्थेच्या बँक खात्याचाच असावा. कर्मचाऱ्याच्या खासगी क्रमांकावर पैसे घेतल्याने हिशेबाचा घोळ होतो हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच व्यवहारात पर्यटकाचे नाव आणि क्रमांक त्या कर्मचाऱ्याच्या फोनमध्ये कायमचा जातो, ही बाब मात्र कोणी विचारात घेत नाही. एकट्या किंवा मैत्रिणींसोबत आलेल्या महिलांच्या दृष्टीने ही बाब किरकोळ नाही.

छायाचित्रांचे तारतम्य तर फारच आवश्यक आहे. फोटो कचऱ्याचा, बाटल्यांचा, वाळूत रुतलेल्या गाडीचा आणि तिच्या क्रमांकाचा काढावा. चेहरा टिपण्याची गरज क्वचितच पडते. मागे समुद्रात भिजणारी कुटुंबे चौकटीत येत असतील तर जागा बदलून फोटो घ्यावा. फोटो काढणारा फोन कार्यालयाचा असावा आणि त्यात फोटो आपोआप कोणाच्या खासगी खात्यावर चढण्याची सोय बंद केलेली असावी. दिवसअखेर छायाचित्रे कार्यालयाच्या संगणकात प्रकरण क्रमांकानुसार उतरवून फोनमधून पुसावीत. कर्मचाऱ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप कामाचे निरोप देण्यासाठी ठीक आहे, पण पुरावा ठेवण्याची ती जागा नव्हे, कारण एका ग्रुपमधला फोटो पंधरा जणांच्या फोनमध्ये उतरतो आणि त्यातले दोघे पुढच्या वर्षी नोकरीत नसतात. पुढे न्यायालयात फोटो सादर करायचा झाला तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र लागते. फोटो कोणत्या उपकरणातून, कोणी आणि केव्हा घेतला हे तेव्हा सांगावे लागते, आणि चार ग्रुप फिरून आलेल्या फोटोबाबत ते सांगणे जिकिरीचे होते.

अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत नियम एकच असावा: फोटो नाही, नाव नोंदवहीत नाही. शाळेची सहल असेल तर सोबतच्या शिक्षकांशी आणि कुटुंब असेल तर पालकांशी बोलावे. प्रकरण गंभीर होऊन पोलिसांकडे गेलेच, तर बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार त्या मुलाचे नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. हे बंधन स्थानिक वार्ताहराला माहिती देणाऱ्या कर्मचाऱ्यानेही लक्षात ठेवावे.

कॅमेरे

किनाऱ्यावर कॅमेरा बसवण्यापूर्वी तो कोणत्या उपद्रवासाठी बसवतो आहोत हे ठरावात लिहावे. मालवणच्या जेटीसारख्या सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्यांच्या गर्दीच्या जागी वाहनतळावर आणि रांगेवर लक्ष ठेवणे समजण्यासारखे आहे. गुहागरसारख्या गावात मात्र घरांमागच्या वाड्या थेट किनाऱ्याला भिडतात, आणि तेथे किनाऱ्याच्या खांबावरचा कॅमेरा थोडा वळला तरी कोणाचे तरी परसदार, विहीर, वाळत घातलेले कपडे त्यात दिसतात. म्हणून बसवल्यानंतर पडद्यावर नेमके काय दिसते हे मुख्याधिकाऱ्यांनी स्वतः एकदा बसून पाहावे, आवश्यक तेथे दिशा बदलावी किंवा तो भाग झाकण्याची सोय वापरावी. कपडे बदलण्याच्या खोल्या आणि शौचालये यांच्या दाराकडे कॅमेरा नसावा. कॅमेरा असल्याचा फलक मराठीत, ठळक अक्षरांत, संपर्कासाठी पदनामासह लावावा.

चित्रण कंत्राटदाराच्या यंत्रणेत साठत असेल तर करारात चार गोष्टी नीट लिहून घ्याव्यात: चित्रण कोण पाहू शकतो, किती दिवस राहते, करार संपल्यावर ते परत कसे मिळते आणि गळती झाल्यास कंत्राटदार किती वेळात कळवतो. डिजिटल डेटा कायद्यानुसार कंत्राटदाराच्या चुकीची जबाबदारीही मूळ संस्थेवरच येते. थेट चित्रणाची लिंक सदस्यांच्या, त्यांच्या नातलगांच्या किंवा हॉटेलमालकांच्या फोनवर देऊ नये. पोलिसांनी चित्रण मागितले तर लेखी मागणीवर द्यावे. नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ९४ त्यासाठीच आहे. दिलेल्या प्रतीची तारीख, कालावधी आणि नेणाऱ्याचे पद नोंदवावे. तोंडी मागणीवर पेन ड्राइव्ह भरून देणारा कर्मचारी स्वतःच अडचणीत येतो.

नावे जाहीर करण्याचा मोह

कचरा टाकणाऱ्यांचे फोटो चौकात लावावेत किंवा संस्थेच्या फेसबुक पानावर टाकावेत, अशी सूचना दर हंगामात कोणीतरी करते, आणि किनारा साफ करून थकलेल्या कर्मचाऱ्यांना ती पटते. त्यांचा राग मी समजू शकतो. दुसऱ्याच्या फुटक्या बाटल्यांनी हात कापलेल्या माणसाला खासगीपणाचे धडे देणे सोपे नसते. तरीही हे करू नये. मार्च २०२० मध्ये लखनौ प्रशासनाने आंदोलनातील नुकसानीचा आरोप असलेल्यांची छायाचित्रे, नावे आणि पत्ते रस्त्यावर फलकांवर लावले होते, तेव्हा अलाहाबाद उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन ते काढण्याचा आदेश दिला. अशा प्रसिद्धीला कायद्याचा आधार नसल्याने ती खासगीपणावरील अनाठायी घाला ठरते, असे त्या आदेशाचे सूत्र होते. कराच्या थकबाकीदारांची यादी लावण्याची सवय काही ठिकाणी आहे, म्हणून उपद्रवाच्या प्रकरणांतही ती चालेल असे मानू नये. कायद्याने दंड सांगितला आहे, बदनामी सांगितलेली नाही.

जरब बसवायची असेल तर आकडे जाहीर करावेत. कोणत्या किनाऱ्यावर कोणत्या महिन्यात किती जणांना, कशासाठी आणि किती दंड झाला, वसुलीतून काय केले, हे फलकावर लिहिले की लोकांपर्यंत निरोप पोचतो. पत्रकारांनाही हेच द्यावे.

माहिती अधिकारात अर्ज आला तर

नोटीस मिळालेला माणूस तक्रारदाराचे नाव माहिती अधिकारात मागतो, हा नेहमीचा प्रसंग आहे. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ८(१)(छ) नुसार कायद्याच्या अंमलबजावणीसाठी विश्वासाने माहिती देणाऱ्याची ओळख उघड होत असेल, तर ती माहिती नाकारता येते. हाच आधार येथे अचूक लागू पडतो आणि उत्तरात तोच लिहावा. कलम ८(१)(ञ) मध्ये डेटा कायद्याने केलेला बदल नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आला असून वैयक्तिक माहितीला आता सरसकट अपवाद आहे. म्हणून सगळी नस्तीच नाकारण्याकडे कार्यालयांचा कल होऊ शकतो. तसे करणे चूक ठरेल. व्यापक लोकहित असेल तर माहिती देण्याची मुभा कलम ८(२) ने कायम ठेवली आहे, आणि कलम १० नुसार वगळण्याजोगा भाग वगळून उरलेले द्यायचेच असते. म्हणजे स्थळपाहणी अहवाल, टिपण्या, आदेश, दंडाचा हिशेब हे सर्व द्यावे आणि नाव, पत्ता, दूरध्वनी व हस्ताक्षराचा भाग झाकावा. काळ्या शाईने खोडलेला कागद उजेडात धरला की वाचता येतो. म्हणून झाकलेल्या प्रतीची पुन्हा छायाप्रत काढून तीच द्यावी. उत्तर ३० दिवसांत जायला हवे, आणि प्रथम अपिलाची मुदत व अपिलीय अधिकाऱ्याचे पदनाम त्यात असावे.

खासगीपणाचा आधार अधिकाऱ्यांनी स्वतःची कसूर लपवण्यासाठी घेऊ नये. कारवाई का झाली नाही, कोणाचा दंड कोणाच्या शब्दावरून माफ झाला, कॅमेऱ्याचे कंत्राट कोणत्या दराने दिले, ही वैयक्तिक माहिती नव्हे.

किती दिवस ठेवावे आणि गळती झाली तर

अभिलेख किती काळ जपायचे त्यानुसार अ, ब, क, ड ही वर्गवारी आणि कागद सहा गठ्ठ्यांत लावण्याची पद्धत कार्यालयांना परिचित आहे. उपद्रवाच्या प्रकरणांना त्यातच बसवावे, वेगळे खटाटोप नकोत. दंडाच्या पावतीची स्थळप्रत (कार्यालयात राहणारी प्रत) लेखापरीक्षण होईपर्यंत ठेवावीच लागते. छायाचित्रे आणि चित्रण मात्र प्रकरण संपल्यावर, अपील किंवा खटला प्रलंबित नसल्यास, लवकर नष्ट करावे. ज्या चित्रणात काही घडलेच नाही ते महिनाभराहून अधिक ठेवण्याचे कारण मला दिसत नाही. तक्रारदारांच्या नावांची कुलपातली वही सर्वांत आधी नष्ट व्हावी. नष्ट करताना तारखेसह नोंद आणि दोघांच्या सह्या घ्याव्यात, आणि नोंदीत पुन्हा ती नावे लिहू नयेत. कागद रद्दीवाल्याला देऊ नयेत, कारण वडापाव बांधलेल्या कागदावर नोटिशीची स्थळप्रत निघणे हे कोणत्याही कार्यालयाला शोभणारे नाही.

कार्यालयाचा फोन हरवला, संगणकातील यादी बाहेर गेली किंवा चुकीच्या ग्रुपवर फोटो पडला, तर पहिल्या तासात मुख्याधिकाऱ्यांना कळवण्याची पद्धत असावी, आणि कळवणाऱ्यावर राग काढू नये, नाहीतर पुढची गळती लपवली जाईल. सिम बंद करणे, खात्यांचे पासवर्ड बदलणे, पडलेला फोटो काढायला लावणे ही कामे लगेच करावीत. संगणक यंत्रणेतून माहितीची चोरी किंवा गळती झाल्यास सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय यंत्रणेला सहा तासांत कळवण्याचा एप्रिल २०२२ चा निर्देश शासकीय संस्थांनाही लागू आहे. त्यानंतर ज्यांची माहिती बाहेर गेली त्यांना, विशेषतः तक्रारदाराला, कार्यालयाने स्वतः जाऊन सांगावे. पत्र पाठवून मोकळे होऊ नये, कारण त्या घराला त्या रात्री कोणती सावधगिरी घ्यावी लागेल हे पत्र सांगू शकत नाही. गरज दिसली तर पोलीस ठाण्याला त्याच दिवशी कळवून तशी नोंद करून घ्यावी.

नागरिकाला आपल्या नावाची चुकीची नोंद झाली आहे किंवा आपली माहिती फोडली गेली आहे असे वाटले, तर त्याने प्रथम मुख्याधिकारी किंवा ग्रामपंचायत अधिकारी यांच्याकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. अर्जात काय घडले, केव्हा कळले आणि कोणती दुरुस्ती हवी हे लिहावे. पंधरा दिवसांत काही झाले नाही तर राज्य शासनाच्या ‘आपले सरकार’ पोर्टलवर तक्रार नोंदवता येते, आणि ग्रामपंचायतीच्या बाबतीत गट विकास अधिकाऱ्यांकडेही जाता येते. डेटा कायद्याच्या मुख्य तरतुदी अमलात आल्यावर त्याच कायद्याखालील डेटा संरक्षण मंडळाचा मार्ग खुला होईल, मात्र तेथे जाण्यापूर्वी मूळ कार्यालयाकडे दाद मागितल्याचा पुरावा लागेल. त्यासाठी पहिल्या अर्जाची शिक्क्याची पोच जपून ठेवावी.